गिटारीची कड आणि कारागिराचा हात

चांगल्या तंतुवाद्याच्या कडेने एक बारीक रेघ फिरलेली असते. कधी ती नुसती पांढरी असते, कधी काळी-पांढरी-काळी अशी तिपेडी असते. व्हायोलिनवर ती असते, गिटारीवर असते, आपल्या सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या तबलीभोवतीही असते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, कोणी कुंचल्याने ओढली असेल. वास्तविक तेथे रंगाचा संबंध नसतो. लाकडात आधी एक खोबण पाडलेली असते आणि त्या खोबणीत निराळ्या जिनसाची पट्टी बसवलेली असते. ही खोबण हाताने कशी पाडतात, ती पाडणे अवघड का, आणि त्या अवघडपणाची किंमत कोणी मोजली, एवढाच आजचा विषय आहे.

कामगारांत काम करणाऱ्या माणसाने हा विषय का घ्यावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल या तीन शब्दांशी आमचा रोजचा व्यवहार. किमान वेतनाच्या अधिसूचनेत हे शब्द असतात, वेतनकरारात असतात, आणि माणूस कोणत्या शब्दाखाली पडला यावर त्याच्या घरात महिन्याला किती पैसे येणार हे ठरते. परंतु कौशल्य ही वस्तू दिसते कशी, ती हातात कोठे राहते, आणि ती मोजायची कशाने, याचा खुलासा अधिसूचनेत नसतो. तो पाहायचा तर एखादे लहानसे काम घेऊन त्याच्या तळापर्यंत जावे लागते. आम्ही त्यासाठी आर्चटॉप गिटारीची कड निवडली आहे. हे काम इतके लहान आहे की त्यात काहीच लपत नाही.

प्रथम आर्चटॉप म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे घरोघर दिसणारी गिटार सपाट पोटाची असते. एक पातळ फळी, तिच्या मध्यभागी वाटोळे छिद्र. आर्चटॉपची गोष्ट वेगळी. तिची वरची फळी जाड लाकडातून कोरून काढलेली असते, मध्ये फुगीर, कडेकडे उतरत जाणारी, अगदी व्हायोलिनसारखी. वाटोळ्या छिद्राऐवजी इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाची दोन छिद्रे असतात. वरची फळी स्प्रूसची, पाठ व बाजू मेपलच्या. घोडी चिकटवलेली नसते. तारांच्या दाबाने ती फळीवर उभी राहते आणि तारा शेपटाकडील पट्टीला अडकवलेल्या असतात.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील कॅलामझू गावी ऑरव्हिल गिब्सन नावाचा कारागीर होता. कोरीव पोटाच्या मँडोलिनसाठी त्याला १८९८ साली पेटंट मिळाले. त्याच्या नावाची कंपनी १९०२ साली निघाली. त्या कंपनीत लॉइड लोअर असताना, १९२२ साली, एल-५ ही गिटार बाजारात आली आणि एफ-छिद्रांची आर्चटॉप गिटार खऱ्या अर्थाने रुळली. त्या काळी नाचाच्या मोठ्या वाद्यवृंदांत पितळी वाद्यांच्या गलबल्यातून गिटारीचा ठेका ऐकू जाणे आवश्यक होते, आणि विजेचा कर्णा अजून तिच्या मदतीला आला नव्हता. हे काम कोरीव पोटाच्या गिटारीने केले.

या वाद्याशी आपलेही नाते आहे. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आहे. ती तानांनिशी, मींडीनिशी रागदारी वाजवते. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी आर्चटॉप गिटारीलाच तरफांच्या तारा आणि चिकारी जोडून मोहनवीणा केली, आणि १९९४ साली त्यांना राय कूडर यांच्याबरोबर ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तेव्हा कॅलामझूत आणि न्यूयॉर्कात ज्या कडा कोरल्या गेल्या, त्यांच्या वंशातली एक कड आपल्या मैफलीतही येऊन बसली आहे.

आता कडेकडे वळू. पेटीच्या कडेला पट्टी बसवायची ती का? नुसत्या शोभेसाठी म्हणावे, तर ते अर्धेच खरे आहे. वरची फळी आणि बाजू जेथे मिळतात, तेथे लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी पडतात. लाकूड हे शेवटी बारीक नळ्यांची मोळीच असते. त्या तोंडांतून दमट हवा आत शिरते, कोरडी हवा आतील ओल ओढून नेते, आणि फळी फुगते, आकसते. शिवाय स्प्रूस हे मऊ लाकूड. टेबलाच्या कोपऱ्यावर कड आपटली की तेथून कपचा उडतो, आणि कपच्याची चीर रेषेच्या दिशेने फळीत धावते. कडेला दुसऱ्या जिनसाची पट्टी असली की घाव ती सोसते, उघडी तोंडे ती झाकते, आणि चीर फळीत धावण्यापूर्वीच तिला अडवते. व्हायोलिनमध्ये ही पट्टी अगदी कडेवर नसून कडेपासून चारेक मिलिमीटर आत असते. इटलीतील क्रेमोना गावच्या कारागिरांनी ही रीत इतकी नेमकी केली की आजही व्हायोलिन करणारा उमेदवार त्यांच्याच मापाने शिकतो: सव्वा मिलिमीटरच्या आसपास रुंद, दोन मिलिमीटरच्या आसपास खोल खोबण, आणि तीत काळी-पांढरी-काळी अशी तीन पापुद्र्यांची पट्टी.

आर्चटॉपचे उत्तम कारागीर या व्हायोलिनच्या घरातूनच आले. जॉन डी’अँजेलिको हे त्यांतले मोठे नाव. त्याचा जन्म न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत १९०५ साली झाला. नवव्या वर्षी तो आपल्या नातलगाच्या, राफाएल चियानी याच्या, दुकानी उमेदवारीला लागला. तेथे व्हायोलिन, मँडोलिन, गिटारी होत. १९३२ साली त्याने केनमेअर रस्त्यावर स्वतःचे दुकान थाटले आणि १९६४ साली मरेपर्यंत तेथेच काम केले. त्याच्या वहीत क्रमांक घातलेल्या गिटारी १,१६४. बत्तीस वर्षांनी भागले तर वर्षाला छत्तीस, म्हणजे महिन्याला तीन. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडेल.

आता खोबण पाडण्याची रीत. पेटी पुरती बंद झालेली आहे, वरची फळी आणि पाठ बाजूंना सरसाने चिकटलेली आहे, असे समजू. फळीची बाहेर आलेली किनार आधी बाजूशी सारखी करतात. मग पहिले काम बाजू तपासण्याचे. बोट फिरवून आणि पोलादी पट्टी लावून तिच्यावर उंचवटा राहिला नाही ना, हे पाहतात, आणि असल्यास खरवडून काढतात. याचे कारण असे की यापुढचे हत्यार बाजूला टेकून चालणार असते. बाजूवर जो उंचवटा असेल त्याचीच नक्कल खोबणीत उतरेल. खोबण वाकडी आली तर दोष बहुधा खोबणीत नसतो, तो आधीच्या आळसात असतो.

सुतार फळीच्या कडेला समांतर रेघ ओढण्यासाठी मार्किंग गेज वापरतो, ते हत्यार सर्वांनी पाहिले असेल. एक दांडी, तिच्यावर सरकणारा ठोकळा, आणि दांडीच्या टोकाला खिळा. ठोकळा कडेला टेकवला की खिळा ठरल्या अंतरावर रेघ ओढतो. गिटारीचे हत्यार याच जातीचे आहे. खिळ्याच्या जागी एक लहान, अतिशय धारदार पाते असते आणि ठोकळ्याचे तोंड सपाट नसून गोलसर असते. गोलसर अशासाठी, की गिटारीच्या कमरेपाशी बाजू आत वळते आणि सपाट तोंड तेथे दोन्ही टोकांना टेकून मध्ये पोकळ राहील.

पाते एकाच बाजूने घासलेले असते. त्याची सपाट बाजू गिटारीच्या आतल्या अंगाला आणि उताराची बाजू बाहेर, जे लाकूड काढून टाकायचे त्याच्याकडे. पाते लाकडात शिरताना पाचरीसारखे दाबते. तो दाब टाकाऊ भागावर पडावा आणि राहणारी भिंत उभी, स्वच्छ राहावी, हा हेतू. पात्याचे अंतर पट्टीच्या जाडीपेक्षा केसभर कमी ठेवतात. पट्टी बसल्यावर ती लाकडाच्या किंचित बाहेर राहते आणि मागून खरवडून सारखी करता येते. उलट झाले, म्हणजे पट्टी आत राहिली, तर सबंध बाजूचे लाकूड तिच्या पातळीपर्यंत खरवडावे लागते. आणि बाजू मुळातच दोन-अडीच मिलिमीटर जाड असते.

अशा रीतीने दोन रेघा कापायच्या असतात. पहिली वरून, ठोकळा बाजूला टेकवून. ती खोबणीची रुंदी ठरवते. दुसरी बाजूवरून, ठोकळा वरच्या काठाला टेकवून. ती खोली ठरवते. दोन्ही रेघा आत जेथे मिळतात तेथे काठाचा चौकोनी दोरा सुटा होतो आणि पटाशीने तो काढून घेतात.

ऐकायला हे सोपे आहे. अडचण लाकडाच्या स्वभावात आहे. स्प्रूसमध्ये प्रत्येक वर्षाची एक मऊ पट्टी आणि एक कठीण रेघ अशी जोडी असते. गिटारीत या रेषा उभ्या, मानेकडून शेपटाकडे जातात. जेथे कड रेषेला समांतर असते, म्हणजे पोटाच्या सर्वांत रुंद जागी, तेथे पाते मऊ पट्टीत पडते आणि कठीण रेघेच्या कुंपणाने चालू लागते. कारागिराचे ऐकेनासे होते. जेथे कड रेषेला आडवी असते, म्हणजे वर मानेपाशी आणि खाली शेपटापाशी, तेथे पाते बोथट असेल तर तंतू कापण्याऐवजी चेंगरतात. आणि या दोहोंच्या मधल्या भागात कड तिरपी असते. तेथे एका दिशेने कापले तर रेषा पात्याला आत ओढते, उलट दिशेने कापले तर बाहेर काढते.

म्हणून जाणता कारागीर एका दमात सबंध गिटारीभोवती फिरत नाही. तो कडेचे भाग पाडतो आणि प्रत्येक भागात अशी दिशा धरतो की रेषेने पात्याला ओढलेच तर बाहेर ओढावे. बाहेर सरकलेली रेघ टाकाऊ लाकडात जाते, पुढच्या फेरीत ती सुधारते. आत सरकलेली रेघ गिटारीच्या तोंडावर जन्मभर राहते. त्यातून ठोकळा बाजूला टेकलेला असल्यामुळे पात्याला आत जाण्यास मुळातच अटकाव होतो. मात्र हात कलला की हा अटकाव फसवा ठरतो. आर्चटॉपचे पोट फुगीर असल्यामुळे हत्यार कलण्याचा मोह इथे सपाट गिटारीपेक्षा अधिक. म्हणून पुष्कळ कारागीर कोरीव काम करताना काठाशी एक अरुंद सपाट पट्टा राखून ठेवतात, खोबण आणि पट्टी होऊन गेल्यावर मगच तो पोटाच्या उतारात मिळवून टाकतात.

पहिली फेरी नुसती स्पर्शाची असते. ती कापत नाही, वाट दाखवते. दुसरी थोडी खोल, तिसरी आणखी. पहिल्याच फेरीत जोर लावणारा उमेदवार सगळ्यांना परिचित आहे. तो सुतारकामात असतो, लेथवर असतो, आणि संपाच्या सभेतही असतो.

येथे एक हिशेब करून पाहू. सतरा इंची मोठ्या आर्चटॉपच्या एका काठाचा घेर दीड मीटरच्या आसपास असतो. वरचा आणि पाठीचा मिळून तीन मीटर. प्रत्येक ठिकाणी दोन रेघा, म्हणजे सहा मीटर. एका रेघेला पाच फेऱ्या धरल्या तर तीस मीटर पाते चालवायचे. या तीस मीटरांत कोठेही अर्धा मिलिमीटर पाय घसरलेला चालत नाही. त्यात पाठ मेपलची. मेपल कठीण, आणि चांगल्या मेपलच्या अंगात लाटा असतात. त्यांचेच वाघासारखे पट्टे दिसतात आणि त्यांनाच गिऱ्हाईक भुलते. त्या लाटेत तंतू क्षणात वर येतात, क्षणात खाली जातात, आणि पटाशी एका जागी लोण्यासारखी चालली तर बोटभर पुढे कपचा उडवते. तेथे पटाशीने तिळातिळाने घ्यावे लागते.

पटाशीने दोरा काढल्यावर आतला कोपरा साफ करणे हे निराळेच काम. कोपऱ्यात राहिलेला एक तंतू पट्टीला बाहेर ढकलतो आणि तेथे सांध्यात काळी फट दिसते. शिवाय खोबण आतल्या बाजूस किती शिरली याकडे लक्ष हवे. बाजूच्या आतून, सांध्याला आधार म्हणून, चिरा पाडून वळवलेली एक लाकडी पट्टी चिकटवलेली असते. तिला अस्तर म्हणू. महागड्या गिटारीवर पाच-सात पापुद्र्यांची रुंद पट्टी बसवायची असते. तिच्यासाठी खोबण बाजूची जाडी ओलांडून या अस्तरात शिरते. अस्तर अरुंद असेल तर शोभा वाढते आणि सांधा मरतो. म्हणून कडेची नक्षी किती रुंद करायची, हे पेटी बंद होण्याच्या फार आधी, अस्तर लावताना ठरलेले असावे लागते. कामाची शेवटची पायरी पहिल्या पायरीतच ठरते, ही गोष्ट योजना आखणाऱ्या मोठ्या मंडळींनीही ध्यानात धरावी अशी आहे.

एवढे कष्ट कशाला, यंत्र का लावू नये, असे कोणी म्हणेल. यंत्र आहे. वेगाने फिरणारे पाते असलेले राऊटर हे खोबण काही मिनिटांत पाडते. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. परंतु यंत्राचा तळ सपाट असतो आणि आर्चटॉपचे पोट फुगीर. तळ फुगवट्यावर टेकला की यंत्र बाहेर कलते आणि खोबणीची भिंत बाजूशी समांतर राहत नाही. यावर तोड काढली गेली. काहींनी तळाला एक लहान कडे लावले. ते फक्त काठाजवळ टेकते. काहींनी यंत्र उभ्या सरकत्या पकडीत बसवले, म्हणजे ते पोटाप्रमाणे वरखाली होते पण कलत नाही. आज संगणकाने चालणारी यंत्रे शिंपल्याचे तुकडेही कापतात आणि त्यांची घरेही कोरतात. तथापि एक गोष्ट कोणत्याही फिरत्या पात्याला जमत नाही. फिरते पाते वर्तुळात फिरते, म्हणून आतला कोपरा ते नेहमी गोल सोडते. टोकदार कोपरा हवा असेल तर शेवटी सुरी आणि पटाशी हातात घ्यावी लागते. आणि खांद्यापाशी पेटीला टोकदार खाच दिलेली असेल, तर तेथे यंत्राचा तळही पोहोचत नाही आणि हाती गेजचा ठोकळाही नीट टेकत नाही. तेथे कागदाचा नमुना लावून नुसत्या सुरीने रेघ कापतात.

मानेवरच्या आणि डोक्यावरच्या जडावाची कथा अशीच आहे. शिंपल्याचा सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड तुकडा जवाहिऱ्याच्या बारीक करवतीने आकारात कापतात. तो आबनुसावर ठेवून टोकदार सुईने त्याची सीमा आखतात, आखलेल्या रेघेत खडूची पूड चोळतात, म्हणजे काळ्या लाकडावर ती दिसते. मग सुरीने सीमा कापायची आणि पटाशीने घर खोदायचे. यातही एक गणित आहे. मानेची फळी आडवी किंचित गोल असते. तिच्या गोलाईची त्रिज्या १२ इंच, म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर धरली, आणि शिंपल्याचा तुकडा ४० मिलिमीटर रुंद असला, तर मध्यापेक्षा त्याच्या दोन्ही कडा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली येतात. शिंपला सपाट, फळी गोल. म्हणजे घासून सारखे करताना कडांवरचा निम्मा शिंपला धूळ होऊन जातो. ज्याने हे आधी मोजले नाही त्याचा शिंपला कडेला झिजून लाकूड दाखवू लागतो. आणि ही धूळ छातीला चांगली नाही. शिंपला पाण्याने ओला ठेवावा, नाकातोंडावर फडके बांधण्यापुरते न थांबता चांगला मुखवटा वापरावा, आणि मालकाने धूळ ओढून घेणारा पंखा द्यावा. जडावाची स्तुती करणाऱ्यांनी या धुळीचाही विचार करावा.

पट्टीच्या जिनसाविषयी थोडे सांगितले पाहिजे. व्हायोलिनची पट्टी लाकडी असते. आर्चटॉपच्या कारागिरांनी बहुतांशी सेल्युलॉइड वापरले. ते गरम केले की वळते, हस्तिदंतासारखे दिसते, आणि ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या त्याच्याच गोंदाने घट्ट चिकटते. पट्टी खोबणीत बसवून सबंध पेटीभोवती कापडी फीत घट्ट गुंडाळतात. वाळायला पुरेसे दिवस द्यावे लागतात. घाईने खरवडले तर फुगलेली पट्टी मागाहून आकसते आणि लाकडाच्या खाली जाते. परंतु सेल्युलॉइडला दोन खोडी आहेत: ते चटकन पेट घेते, आणि पुष्कळ वर्षांनी आपोआप कुजू लागते, आंबट वाफ सोडते, शेजारच्या धातूला गंजवते. त्या काळच्या कित्येक नामांकित गिटारींवरची पट्टी अशी चुरा झाली आणि नवी बसवावी लागली. खोबण मात्र जशीच्या तशी राहिली. जिन्नस गेला, हाताचे काम टिकले.

आता मुद्द्यावर येतो. खोबण उत्तम साधली तर काय दिसते? काहीच दिसत नाही. फट दिसत नाही, गोंद दिसत नाही, हत्याराचा माग दिसत नाही. नुसती एक रेघ दिसते आणि ती रंगाने ओढली असावी असे वाटते. वाईट काम मात्र दहा हातांवरून दिसते. कामगाराच्या कौशल्याची ही मोठी अडचण आहे. ते जितके पुरे होते तितके अदृश्य होते, आणि पगार ठरवणारा जे दिसते त्याचाच पगार ठरवतो. कौशल्याची खरी किंमत बहुधा तेव्हाच कळते जेव्हा ते कारखान्यातून उठून जाते.

याची दोन उदाहरणे याच धंद्यात आहेत. न्यूयॉर्कात एपिफोन नावाची कंपनी होती. गिब्सनच्या तोडीच्या आर्चटॉप ती करी. तिचा प्रमुख एपॅमिनोंडस स्टॅथोपुलो १९४३ साली वारला. १९५१ साली तेथे कामगारांचा संप झाला. तो चार महिने चालला. त्यानंतर, १९५३ साली, कारखाना फिलाडेल्फियाला हलवण्यात आला. पुष्कळ कारागिरांनी गाव सोडण्यास नकार दिला. गिल्ड नावाची नवी कंपनी न्यूयॉर्कात नुकतीच उभी राहत होती. तिने त्यांतल्या अनेकांना घेतले आणि पाहता पाहता तिचे नाव झाले. एपिफोनचे यंत्र, नमुने, नाव सारे फिलाडेल्फियात होते. हात न्यूयॉर्कात राहिले. १९५७ साली एपिफोन गिब्सनने विकत घेतली.

दुसरे उदाहरण खुद्द गिब्सनचे. कॅलामझूचा कारखाना १९८४ साली बंद झाला आणि काम नॅशव्हिलला गेले. मागे राहिलेल्या काही जुन्या कामगारांनी १९८५ साली त्याच पार्सन्स रस्त्यावरच्या इमारतीत हेरिटेज नावाची कंपनी काढली आणि त्याच जातीच्या गिटारी करू लागले. मालकाच्या वहीत जी मालमत्ता लिहिलेली नव्हती तिच्यावर ही कंपनी उभी राहिली.

यावरून कारागीर सदा जिंकतो असे आम्ही म्हणत नाही. चार महिन्यांच्या संपात कामगारांच्या घरी काय शिजले असेल, याची कल्पना आम्हांला आहे. गाव सोडून गेलेला कारखाना प्रत्येक वेळी शेजारी नवी गिल्ड ठेवून जात नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या १९८२ च्या संपानंतर साचेवाला आणि विणकर यांचे हात अशा कोणा नव्या घरी पोहोचले नाहीत. त्यांतले कितीतरी हात भाजीच्या गाडीवर आणि पहाऱ्यावर गेले. म्हणूनच हात दुसऱ्या हातात वेळीच जाणे महत्त्वाचे.

डी’अँजेलिकोच्या दुकानात ते घडले. १९५२ साली जिमी डी’अक्विस्टो नावाचा कोवळा पोर तेथे उमेदवार लागला. बारा वर्षांनी गुरू वारला तेव्हा काम त्याने पुढे चालवले. महिन्याला तीन गिटारी हा जो आकडा आपण वर पाहिला, त्याचा अर्थ येथे कळतो. त्या गतीत शिकवायला वेळ होता. उमेदवाराने एक कड बिघडवली तर ती दुरुस्त करायला वेळ होता. महिन्याला तीनशे करणाऱ्या ठिकाणी उमेदवाराला एकच पायरी मिळते. तो जन्मभर खोबणच पाडतो किंवा जन्मभर पट्टीच गुंडाळतो, आणि अस्तर अरुंद का नसावे हे त्याला कोणी सांगत नाही.

हा डी’अक्विस्टो पुढे काय करू लागला तेही ऐकण्यासारखे आहे. शेवटच्या काही वर्षांत, १९९५ साली मरण येण्यापूर्वी, त्याने आपल्या गिटारींवरून सेल्युलॉइडच्या पट्ट्या आणि शिंपल्याचा झगमगाट काढून टाकला. कड लाकडाची, शेपूट लाकडाचे. मग खोबणीचे सारे कष्ट व्यर्थ होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. अलंकार टाकण्याचा अधिकार ज्याला तो घडवता येतो त्यालाच शोभतो. ज्याला खोबण साधत नाही त्याने पट्टी गाळली तर ती काटकसर झाली. डी’अक्विस्टोने गाळली तेव्हा तो विचार होता. आणि उघड्या कडेची गिटार अधिक नेमका हात मागते, कारण तेथे सांधा झाकायला पट्टीच नसते.

आपल्या दारातही हाच प्रश्न उभा आहे. मिरजेत सतार-तंबोरे करणारी शिकलगारांची घराणी आहेत. पूर्वजांचा धंदा हत्यारांना पाणी आणि धार देण्याचा. फरीदसाहेबांपासून, एकोणिसाव्या शतकात, तो हात वाद्यांकडे वळला. भोपळा, तबली, गळा, पानाफुलांचे कोरीव काम आणि कडेचा जडाव हे सारे तेथे हाताने होते. हस्तिदंतावर कायद्याने बंदी आल्यावर जडावाचा जिन्नस बदलला, हात तोच राहिला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. मानांकनाने नावाचे रक्षण होते. दुसऱ्या गावचा माल मिरजेचा म्हणून विकता येत नाही. परंतु तबलीभोवती रेघ बसवायला शिकणाऱ्या पोराला शिकण्याच्या वर्षांत काय मिळावे, हे मानांकनात लिहिलेले नसते. ते आपल्याला लिहून घ्यावे लागेल.

ते कसे लिहावे, याविषयी आमचे म्हणणे थोडक्यात असे. कुशल कामगाराची व्याख्या करताना तो किती नग काढतो एवढेच पाहू नये. काम बिघडू लागले हे त्याला किती लवकर कळते आणि तो ते कोठे थांबवतो, हे पाहावे. गेजचे पाते रेषेने ओढले जात आहे हे हाताला डोळ्याच्या आधी कळते; तो क्षण म्हणजे कौशल्य. दुसरे, उमेदवाराला शिकवण्यात जाणारा उस्तादाचा वेळ हा कामाचाच वेळ धरावा आणि त्याचे दाम द्यावे. आज नगावर मजुरी घेणारा कारागीर शिकवायला बसला की त्याची स्वतःची मजुरी बुडते. मग तो शिकवत नाही, आणि आपण मात्र कला लोपली म्हणून व्याख्याने देतो. तिसरे, उमेदवाराला सगळ्या पायऱ्या फिरवून दाखवाव्यात, निदान एक वाद्य अथपासून इतिपर्यंत त्याच्या हातून व्हावे. चौथे, धूळ, वाफ आणि आग यांपासून रक्षण हे कारागिरीचेच अंग समजावे. ज्याची छाती भरली त्याचा हात थरथरतो.

पुढच्या वेळी एखाद्या मैफलीत तंबोरा जवळून पाहण्याची संधी मिळाली, किंवा कोणाची गिटार हाती आली, तर तिच्या कडेवरून नखाचे टोक हलकेच फिरवून पाहावे. लाकूड संपून पट्टी कोठे सुरू झाली हे नखाला कळले नाही, तर ते काम करणाऱ्याला त्याचे पुरे दाम मिळाले का, एवढी चौकशी अवश्य करावी.